डावं-उजवं

लेकीनं तिकिटं काढून ठेवली होती म्हणून गेलो. नाहीतर लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला पैसे मोजून अंधारात जेवायचं, हे आमच्या दोघांच्या डोक्यात सात जन्मांत आलं नसतं. आमचा बेत ठरलेला असतो. तलावपाळीला एक फेरी, मग राम मारुती रोडच्या आसपास कुठेतरी थाळी, येताना आइस्क्रीम. पण पुण्याहून फोन आला, "आई, दर वर्षी तेच काय गं? या वेळी मी सांगते तिथे जा. अगदी डोळे मिटून जा." हे वाक्य तिनं मुद्दाम वापरलं होतं, ते तिथे पोचल्यावर कळलं.

मी पैठणी नेसले. ह्यांनी दारात छत्री हातात घेऊन विचारलं, "मिट्ट काळोखात जेवायचंय ना? मग ही पैठणी कुणासाठी?"

"रिक्षावाल्यासाठी," मी म्हटलं.

त्यालाही ती बघायला भरपूर वेळ मिळाला. आषाढातला पाऊस, घोडबंदर रोड, मेट्रोच्या कामाचे पत्रे, खड्डे, आणि कापूरबावडीपासून पुढे ट्रकांची रांग. नौपाड्यातून निघून हॉटेलात पोचायला तासाच्या वर गेला.

दुसऱ्या मजल्यावरचा एक हॉल त्यांनी शनिवार-रविवारसाठी काळा करून घेतला होता. बाहेर लॉकर होते. मोबाइल त्यात, पर्स त्यात, ह्यांच्या मनगटावरचा तो पावलं मोजणारा पट्टा त्यात, कारण त्याच्या पोटातला हिरवा दिवा लुकलुकतो. माझ्या जुन्या घड्याळाचे काटे रेडियमचे, तेही काढून घेतलं. काय चालत नाही, काय सोसत नाही, शाकाहारी की मांसाहारी, एवढं एका कागदावर लिहून घेतलं. "मेनू काय आहे?" असं विचारल्यावर काउंटरवरची मुलगी नुसती हसली.

मग आतून एक गृहस्थ आले. चाळिशीचे असतील, इस्त्रीचा काळा शर्ट. "नमस्कार ताई, नमस्कार दादा. आज तुमच्या टेबलाचं मी बघणार," असं म्हणाले आणि स्वतःच हसले. ते पूर्ण दृष्टिहीन होते. वाढणारे सगळेच तसे होते. "ताई, तुमचा उजवा हात माझ्या खांद्यावर. दादा, तुम्ही ताईंच्या खांद्यावर. सोडायचा नाही." लग्नानंतर पंचवीस वर्षांनी आम्ही झुकझुक गाडी होऊन एका जाड पडद्यातून आत शिरलो, मग दुसऱ्या पडद्यातून. दुसरा पडदा मागे पडला आणि पैठणी संपली.

काळोख काळा दिसेल अशी माझी समजूत होती. डोळे टक्क उघडे ठेवून बसले, पण समोर काळं असं काही दिसेचना. करड्या रंगाची दाटी, तिच्यात जांभळट ठिपके, मधूनच एखादी हिरवी रेघ सरकून जायची. उजेडाचा कण नसला तरी डोळ्यांतल्या पेशी गप्प बसत नाहीत, आपल्या आपल्यात कुजबुजत राहतात, त्याचं हे चित्र. मी वाट बघत होते की थोड्या वेळानं नजर सरावेल. तशी सवय आहे आपल्याला. ठाण्यातल्या माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला २००५ नंतरची ती लोडशेडिंगची वर्षं विचारा. वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं असायचं. दिवे गेले की पहिली दोन मिनिटं काही दिसायचं नाही, मग खिडकीची चौकट उमटायची, मग गॅसची शेगडी, मग मेणबत्ती शोधणारी लेक. डोळ्यात सुमारे १२ कोटी दंडपेशी असतात, त्या अंधुक उजेडाच्या कामाच्या. पुरत्या जाग्या व्हायला त्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. पण जाग्या होऊन बघायला थोडा तरी उजेड लागतो, चांदण्यांचा का होईना. इथे तोही नव्हता. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला, पडद्यावर तीच जांभळी कुजबुज.

आवाज मात्र किती! अंधारात माणसं ओरडून का बोलतात कोण जाणे. मागच्या टेबलावर कुणीतरी "अरे, हे काय आहे? हे काय आहे?" करत होतं. डावीकडे काहीतरी सांडलं आणि एक बाई खदाखदा हसली. एसीच्या घरघरीवरून मला हॉलची उंची कळायला लागली, निदान तसं वाटलं. हे म्हणाले, "अगं, मी डोळे मिटलेत की उघडे आहेत तेच कळत नाहीये." मी हात पुढे करून बघितलं. मिटलेले होते.

लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्याकडे एक नियम पाळला जायचा. जेवताना दिवे गेले तर डावा हात ताटावर धरायचा आणि बसून राहायचं, उजेड येईपर्यंत पुढचा घास नाही. नियम माझ्या आजीचा. ती चुलीसमोर आणि चिमणीच्या उजेडात वाढलेली, तिच्या काळी अंधारात ताटात काय पडेल त्याचा नेम नव्हता. आम्ही ती गेल्यावरही हात धरून बसायचो, मग लेक वैतागायची आणि मेणबत्ती यायची. इथे ताट समोर आलं आणि माझा डावा हात आपोआप त्यावर गेला.

"ताई, ताटात घड्याळ समजा," ते दादा उजव्या कानाशी म्हणाले. "बारा वाजता वाटी, तीन वाजता कोरडी भाजी, सहाला पोळी, नवाला आणखी एक वाटी. पाणी उजव्या हाताला, दोन वाजता, ताटाच्या बाहेर. ओतताना बोटाचं टोक ग्लासाच्या काठात ठेवा, पाणी बोटाला लागलं की थांबा." ही घड्याळाची रीत जगभर आहे. दृष्टिहीन माणसाला ताट असंच समजावून सांगतात. मला मात्र तीन वाजता म्हणजे कुठे, हे आधी मनगट वळवून शोधावं लागलं. मी म्हटलं, "दादा, मीठ?"

ते जरा थांबले. "वर मधोमध, ताई. घरच्यासारखं."

तिथे काहीतरी हललं मनात. ते नंतर सांगते.

आधी फजिती. मी गेली एकोणतीस वर्षं बँकेत आहे, त्यातली बरीच कॅशवर. मशीन येण्याआधी ओल्या स्पंजाला बोट लावून दिवसाला किती गड्ड्या मोजल्या असतील त्याला गणती नाही. नोट खोटी असली तर डोळ्यांआधी अंगठ्याला कळते. स्वयंपाकही मी बरा करते असं लोक म्हणतात. तेव्हा बोटं आणि जीभ, दोन्हींचा मला चांगलाच माज होता. तीन वाजताची भाजी मी जाहीर केली: सुरण. ह्यांनी सांगितलं: बटाटा. होती कच्च्या केळ्याची. पुढे आलेला हलवा दुधीचा म्हणून मी दोनदा मागून घेतला, तो निघाला गाजराचा. मामलेदारची मिसळ समोर ठेवली असती तर घशानं ओळखली असती, पण ती काय डोळ्यांवर पट्टी बांधूनही सगळं ठाणं ओळखेल.

खरी गंमत नऊ वाजताच्या वाटीची. गार, मऊ, किंचित आंबट, किंचित गोड. दही होतं, एवढं कळलं. आत काय होतं? रताळं? पपई? एखादं परदेशी काहीतरी? मी तीन वेळा बोटानं चाटून बघितलं आणि तिन्ही वेळा तोंडात नुसतं गार-मऊ. चव अशी लागलीच नाही. अंधारात जीभ तल्लख होते, चव दुप्पट लागते, असं या जेवणांबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं. माझी तर पांगळी झाली. शेवटी हार मानून विचारलं.

"भरीत आहे, ताई. लाल भोपळ्याचं."

आणि त्या क्षणी, शपथ घेऊन सांगते, फोडणीतली मेथी आली, हिंग आला, कढीपत्त्याचं पान दाताखाली आलं. भोपळ्याचा तो तंतू तंतू लागला. आधीच्या तीन घासांत हे सगळं तिथेच असणार, जाणार कुठे? पण नाव नव्हतं. नाव मिळालं आणि चव येऊन बसली. पंधरवड्यातून एकदा माझ्या घरी होतं हे भरीत.

घरी आल्यावर मी जरा शोधलं, कारण मला स्वतःचीच शंका यायला लागली होती. फ्रान्समधला एक प्रयोग सापडला, २००१ सालचा. बोर्दोला वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली. वास नसलेला रंग. तर त्यांनी तिचं वर्णन करायला लाल वाइनचे शब्द वापरले. ते शिकलेले लोक, रोजचा अभ्यास, आणि डोळ्यांनी जे सांगितलं तेच नाकानं मान्य केलं. मला बरं वाटलं. मग म्हटलं, आपण भाजी निवडताना, चिरताना, फोडणीचा रंग बघताना अर्धी चव तिथेच घेऊन टाकत असणार. ताटात येते ती उरलेली.

हे असलं जेवण काही आजचं खूळ नाही. झुरिकमध्ये १९९९ साली याचं कायमचं हॉटेल निघालं, ते काढणाऱ्यांत युर्ग श्पीलमान नावाचे एक दृष्टिहीन धर्मोपदेशक होते. त्यांच्या घरी जेवायला येणारी काही मंडळी डोळ्यांवर पट्टी बांधून जेवायची, त्यांची जेवणातली तऱ्हा जाणून घ्यावी म्हणून. त्यातून ही कल्पना निघाली. त्याच्याही आधी, १९८८ साली, जर्मनीत आंद्रेआस हाइनेके यांनी अंधारातून फिरायचं प्रदर्शन सुरू केलं, दृष्टिहीन माणसं वाटाडे आणि डोळस माणसं त्यांच्या मागे. तेच पुढे देशोदेशी गेलं, आपल्याकडे हैदराबादच्या एका मॉलमध्ये आलं, जेवणासकट. पण मला आवडलं ते झुरिकच्या त्या हॉटेलचं नाव. ब्लिंडेकू. म्हणजे शब्दशः आंधळी गाय. जर्मन पोरं डोळ्यांवर रुमाल बांधून जो खेळ खेळतात त्याचं हे नाव.

त्या खेळाला आपण काय म्हणतो? आंधळी कोशिंबीर! त्यांनी हॉटेलला खेळाचं नाव दिलं आणि आपण खेळाला ताटातल्या पदार्थाचं नाव दिलंय, कधीचंच. का दिलं असेल, मी कितीतरी वेळ विचार करत होते. कोशिंबीर म्हणजे सगळं कालवलेलं, काय कशात आहे ते कळू नये असं, म्हणून असेल कदाचित. हा माझा अंदाज, कुणी भाषेचा जाणकार हसला तर हसो.

सोमवारी बँकेत डबा खाताना हे सगळं मी रंगवून सांगत होते. आमच्या शाखेत कर्ज विभागात एक सहकारी आहेत, जन्मापासून दृष्टिहीन. कानात इअरफोन, स्क्रीन रीडर अशा वेगानं वाचत असतो की मला त्यातला एक शब्द कळत नाही. ते पोळीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाले, "मॅडम, याचे पैसे घेतात? मी रोज फुकट जेवतो."

सगळे हसले. मी जरा ओशाळून म्हटलं, "नाही हो सर, पण तुम्हाला कसं वाटत असेल ते थोडं तरी..."

"नाही कळलं तुम्हाला," ते म्हणाले. रागानं नाही, नोंदवहीतली चूक दाखवावी तसं. "तुम्हाला अंधार दिसला. मला अंधार दिसत नाही. तुमच्या कोपराला आत्ता काय दिसतंय, सांगा बरं?"

मी कोपराकडे बघितलं. अजून बघते कधीकधी.

मग त्यांनीच सांगितलं की दीड तासात माणूस फक्त चाचपडायला शिकतो, चाचपडणं संपतं कधी ते त्याला कळतच नाही. त्यांना अडचण ताटाची नाही, अडचण नोटेची आहे. ती मला कॅशवर बसून माहीत होती, पण अशी समोर मांडली गेली नव्हती. २०१६ च्या आधीची शंभरची नोट १५७ मिलिमीटर लांब होती, पाचशेची १६७. सेंटिमीटरचा फरक. बोटांवर धरून सहज कळायचा. नव्या शंभरची १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५०. चार-चार मिलिमीटर! आणि आधी रुंदीत ७३ होत्या, आता ६६, म्हणजे इतक्या वर्षांचं बोटांचं माप एका रात्रीत बाद. उठावदार खुणा आहेत म्हणा, शंभरवर त्रिकोण, पाचशेवर गोल, कडेला रेघा. कोऱ्या नोटेवर त्या छान लागतात. मासळीबाजारातून फिरून आलेल्या नोटेवर गोल शोधून दाखवा. रिझर्व्ह बँकेनं २०२० च्या १ जानेवारीला नोट ओळखणारं मोबाइल ॲप काढलं, 'मनी' नावाचं. "पण रिक्षावाल्यासमोर पावसात उभं राहून मी फोन काढू, नोट धरू की छत्री?" ते म्हणाले. "त्यापेक्षा मी विचारतो, किती आहेत? आणि तो सांगतो त्यावर चालतो. बहुतेक लोक खरं सांगतात."

बहुतेक.

आता ते मिठाचं.

चरईतल्या आमच्या जुन्या घरात आजी माझ्या लहानपणीच हळूहळू आंधळी झाली. सुरुवातीला ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायची, कडेनं जाणारं मूल तिला दिसायचं नाही, पण सुईत दोरा ओवायची. सगळे म्हणायचे धांदरट झाली. ज्यांना दाखवलं त्यांनी मोतीबिंदू सांगितला आणि म्हणाले, पिकू दे, मग काढू. त्या काळी मोतीबिंदू पिकायची वाट बघायचेच. पण तो काचबिंदू होता. त्यात डोळ्याच्या नसा झिजतात, आधी कडेची नजर जाते आणि शेवटी मधली, आणि जे गेलं ते कुठल्याच शस्त्रक्रियेनं परत येत नाही. पिकायची वाट बघण्यात दोन वर्षं गेली आणि त्याबरोबर आजीचं सगळंच.

तिच्या ताटाचं घड्याळ नव्हतं, पण नकाशा होता, आणि तो नवा करावाही लागला नव्हता. आपलं पान वाढायची रीतच तशी आहे. मीठ वर मधोमध. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, म्हणजे बोटाच्या टोकानं घ्यायचं ते. उजवीकडे भाजी, उसळ, आमटीची वाटी, म्हणजे पोळीबरोबर भरपूर खायचं ते, उजव्या हाताच्या जवळ. खाली मधे भाताची मूद. घरोघर, पंगतीत, श्राद्धाच्या पानाचा उलटसुलटपणा सोडला तर हेच. शाळेत असताना मला हा सगळा काथ्याकूट वाटायचा. चटणी उजवीकडे वाढली तर काय आकाश कोसळणार आहे, असं मी आईला विचारलंही होतं. आजीला मात्र त्या रीतीमुळे कुणाला काही विचारावं लागत नसे. हात ठरलेल्या जागी जायचा आणि तिथे ठरलेलं असायचं. परका माणूस पंगतीला असला तर त्याला तिला दिसत नाही हे जेवण संपेपर्यंत कळायचं नाही.

१९८२ ची दिव्यांची अवस. मी नऊ वर्षांची. घरातल्या समया, निरांजनं, कंदील सगळं घासायला आजीपुढे असायचं. चिंच आणि रांगोळी घेऊन ती बोटांनी नक्षीतला मळ शोधून काढायची, डोळस माणसाला जमणार नाही असं. पाटावर दिवे मांडायचे, पूजा, आणि कणकेचे गोड दिवे उकडून तुपाबरोबर खायचे. त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती आणि आम्ही मुलं मागच्या अंगणात आंधळी कोशिंबीर खेळत होतो. कुणाचा तरी रुमाल सारखा सुटत होता, त्यावरून भांडण झालं. आणि माझ्या डोक्यात आलं की आपल्या घरात एक माणूस आहे ज्याला रुमाल लागतच नाही.

पानांवर मीठ-चटणी वाढायचं काम मुलींचं. मी आजीच्या ताटात भाजीच्या जागी ठेचा वाढला. चटणीच्या जागी चमचाभर भाजी.

तिनं भाकरीचा चतकोर मोडला, सवयीनं उजवीकडे गेली, भरपूर घेतलं आणि तोंडात घातलं. ते मी समोर उभी राहून बघितलं. तिचा चेहरा आधी नुसता थांबला. मग ठसका. डोळ्यांतून पाणी. डोळे त्या कामाला तेवढे शाबूत होते. आई चुलीपासून धावत आली, "काय झालं? काय झालं?" आजी म्हणाली, "ठसका लागला गं. पाणी दे." मग पाणी प्यायली, थोडा वेळ बसली, आणि हातानं चाचपून ती भाजी शोधली, डावीकडे. मला हाक मारली नाही, काही बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही.

फक्त दुसऱ्या दिवसापासून जेवायला बसली की आधी तर्जनी ताटाच्या काठावरून गोल फिरवायची. एकेका पदार्थाला टोक लावायची, जिभेवर ठेवायची, मग पुढे. मीठ, मग लिंबू, मग पुढचं, मग सगळं उजवीकडचं. तोवर भात निवायचा. बाबा म्हणायचे, म्हातारपण, आता ती जरा शंकासूर झालीय. पुढे अकरा वर्षं ती जेवली, प्रत्येक जेवणाला तो फेरा होता, आणि घरात तो कशामुळे सुरू झाला हे दोघींनाच माहीत होतं.

घोडबंदर रोडवरच्या त्या हॉलमध्ये "वर मधोमध, ताई" ऐकल्यावर मी मीठ शोधलं, आणि मीठ सापडल्यावर बोट थांबेचना. काठावरून पुढे सरकलं. वाटी, भाजी, पोळी, दुसरी वाटी. टोक लावून जिभेवर, मग पुढचं. प्रत्येक घासाआधी मी तेच करत होते, आणि हे मला बऱ्याच उशिरा कळलं, कळलं तेव्हा हलवा आला होता. म्हणजे त्या दादांनी नीट सांगूनही मी तपासत होते. मला कुणी कधी फसवलं नव्हतं, तरी.

मी ह्यांना सांगून टाकलं. पंचवीस वर्षांत सांगितलं नव्हतं. समोर चेहरा असता तर तेव्हाही सांगितलं नसतं, मला खात्री आहे. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं ऐकलंच नाही, मागच्या टेबलावर कुणीतरी गाणं म्हणत होतं. मग त्यांचा हात टेबलावरून चाचपडत आला, आधी पाण्याच्या ग्लासाला लागला, तो कलंडला, माझ्या पैठणीवर सांडला, आणि मग माझ्या हातापर्यंत पोचला.

"ठेचा लाल होता की हिरवा?" त्यांनी विचारलं.

"हिरवा."

"अरे बापरे," ते म्हणाले. मग बराच वेळ हात तिथेच होता.

पाणी सांडल्याचा आवाज दादांना आमच्याआधी ऐकू गेला होता, ते फडकं घेऊन आलेही. पुसता पुसता म्हणाले, "पाणीच आहे, ताई, रंग लागणार नाही." पैठणी आहे हे त्यांना कसं कळलं? मी विचारलं. म्हणाले, "आत येताना जरीचा आवाज आला. आणि डांबराच्या गोळ्यांचा वास." रिक्षावाल्यानंतर माझ्या पैठणीची दखल घेणारा तो दुसरा माणूस.

निघताना पुन्हा झुकझुक गाडी. पहिल्या पडद्याच्या आत त्यांनी आम्हाला दोन मिनिटं थांबवलं, "एकदम उजेडात जाऊ नका, त्रास होतो." बाहेर आलो तरी डोळे दिपलेच. भिंतीवर त्या दिवसाचा मेनू लावला होता. कच्चं केळं, भोपळ्याचं भरीत, गाजर हलवा, सगळं नीट छापलेलं. मी लॉकरमधून पर्स काढली, पाचशेची नोट काढून दादांच्या हातात दिली. ते आधी नको म्हणाले, मग घेतली.

"किती आहेत, ताई?"

"पाचशेची एक."

त्यांनी नोट एकदा आडवी दुमडली, एकदा उभी, आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून दिली. गोल शोधला नाही, लांबी बघितली नाही.

"दादा, जपून," ते ह्यांना म्हणाले. "दोन पावलांवर पायरी आहे."